घंटीनंतरचा माईक

खुर्ची उचलायची असते, ओढायची नसते. एवढी साधी गोष्ट ज्याला कळत नाही त्याने चार लोकांपुढे उभं राहून जगाला शहाणपण शिकवू नये, असं काकूंचं स्पष्ट मत होतं. आणि तो कवळीवाला नेमकं तेच करत होता. रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात तावातावाने बोलायचा, आणि सभा संपली की न बोलावता खुर्च्या आवरायला यायचा. यायचा तो यायचा, वर खुर्चीची पाठ धरून फरशीवरून खर्रर्र करत ती भिंतीपर्यंत ओढत न्यायचा. पायांची रबरं निघायची. काकूंच्या दातांवर शहारे यायचे.

"अरे बाबा, उचल," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"हो काकू," तो हसून म्हणाला आणि पुढची खुर्ची ओढली.

शिवाय दात. त्याचा व्यवसाय कवळ्या बनवायचा, म्हणून त्याची नजर माणसाच्या डोळ्यांकडे जायच्या आधी तोंडाकडे जायची. त्याच पहिल्या दिवशी, काकू त्याला खुर्ची कशी धरायची ते सांगत असताना, ऐकायचं सोडून तो म्हणाला, "काकू, तुमची खालची कवळी सैल झालीय." चारचौघांत. काकूंनी तोंड मिटलं ते घरी जाईपर्यंत उघडलं नाही. सुनेला टेम्पो चालवताना हसू आवरेना. तिने ते खोकल्यात लपवलं, पण काकूंना खोकला आणि हसू यांतला फरक कळत होता.

काकूंचा धंदा खुर्च्या आणि माईक भाड्याने द्यायचा. लग्न असो, शोकसभा असो, निवडणूक असो, खुर्च्या काकूंच्याच. शाळा त्यांनी चौथीतच सोडली होती, पण हॉलच्या दारात उभं राहून नुसती नजर फिरवली की त्या सांगायच्या, इथे किती माणसं बसतील आणि किती उभी राहून कुरकुरतील. टेम्पोच्या मागच्या फळीवर रंगाने लिहिलेलं होतं: ‘आई आणि मुलगा – खुर्च्या व माईक’. मुलगा एका आजारात गेला त्याला काही वर्षं झाली होती. अक्षरं उन्हाने फिकट झाली होती. एकदा सुनेने विचारलं होतं, पाटी नव्याने रंगवून घ्यायची का. काकू म्हणाल्या, राहू दे. पुन्हा तो विषय निघाला नाही.

माईकचं काम मुलाचं होतं. तो गेल्यावर कोणीतरी माणूस ठेवा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. काकूंनी माईकची पेटी उचलली आणि सुनेपुढे ठेवली. "हे तुझं," एवढंच म्हणाल्या. सून तेव्हा चोवीस-पंचवीसची, डोळे रडून सुजलेले. तिने पेटी उघडली, एकेक वायर बाहेर काढून पुसली आणि परत ठेवली. महिन्याभरात तिचा हात असा बसला की माईकने कधी शिट्टी मारली नाही, की कधी कोणाचा आवाज मागच्या रांगेला कमी पडला नाही. लोक तिला माईकवाली म्हणायला लागले. आणि काम संपलं की सर्वांत आधी माईक बंद. बटण बंद केल्याशिवाय ती पाणीसुद्धा प्यायची नाही.

त्या वर्षी शहरात एकच विषय होता. श्रीमंत-गरीब, नोकरी असलेला-नसलेला, कसलीही चौकशी न करता प्रत्येक सज्ञान माणसाला दरमहा जगण्यापुरते पैसे द्यायचे की नाही. लोकांनी त्याला ‘सरसकट’ असं सुटसुटीत नाव पाडलं होतं. शेवटी मतदान व्हायचं होतं, आणि त्याआधी दर रविवारी जाहीर वाद ठेवला होता. एकदा एका बाजूचा माणूस बोलायचा, एकदा दुसऱ्या बाजूचा. अध्यक्ष म्हणून निवृत्त पोस्टमास्तर टेबलावर पितळी घंटी घेऊन बसायचे. वेळ संपली की घंटी वाजायची आणि सुनेने माईकचा आवाज उतरवायचा. मग बोलणारा मंत्री असो की मिठाचा व्यापारी.

दोन्ही बाजूंनी खुर्च्या काकूंकडूनच घेतल्या होत्या. "आपल्या माईकला बाजू नसते," असं त्या दोन्ही बाजूंना ठणकावून सांगायच्या. मनातून मात्र त्या विरोधी बाजूच्या होत्या. विरोधाचा मुख्य वक्ता बेकरीवाला. तो म्हणायचा, बसल्या जागी पैसे मिळाले तर पहाटे उठून कणीक तिंबायला कोण येईल? काकूंना ते पटायचं. कणीक तिंबायला येणार नाही तो खुर्च्या उचलायला कशाला येईल? त्यांना स्वतःला आयुष्यात कोणी काही सरसकट दिलं नव्हतं. बेकरीवाला बोलायला लागला की त्यांची मान आपसूक हलायची, मग त्यांना धंद्याची आठवण व्हायची आणि त्या मान थांबवायच्या.

पहिल्या रविवारी कवळीवाला सरसकटच्या बाजूने बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने माईक असा तोंडाला लावला की जणू चावाच घेणार. सभागृहभर फसफस आणि खरखर. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. सून आपल्या टेबलामागून उठली, स्टेजवर गेली आणि काही न बोलता तिने आपला पंजा ताणून त्याच्या तोंडाच्या आणि माईकच्या मध्ये धरला. अंगठा माईकला, करंगळी त्याच्या हनुवटीपाशी.

"एवढं अंतर ठेवायचं," ती म्हणाली. "एक वीत."

"कोणाची वीत? तुमची की माझी?"

हे वाक्य माईकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. लोक हसले. सुनेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण हात हलला नाही. "माझी," ती म्हणाली. "माईक माझा आहे."

काकू मागच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ती वीत पाहिली, आणि हात खाली घेताना सुनेने बोटं मिटली ती कशी मिटली तेही पाहिलं... एखादी वस्तू मुठीत ठेवावी तशी.

मग कवळीवाला दर रविवारी लवकर यायला लागला. कधी म्हणे आवाज तपासायचा आहे, कधी म्हणे घसा बसलाय तर माईक जरा वाढवाल का. बोलायची पाळी नसेल त्या रविवारीही त्याला आवाज तपासायचा असायचा. सून वायर गुंडाळायला बसली की तो दुसरं टोक धरायचा आणि हमखास उलटा पीळ द्यायचा. ती उलगडायची, पुन्हा गुंडाळायची. एक वायर गुंडाळायला त्या दोघांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात काकूंनी अर्धा हॉल रिकामा केलेला असायचा.

एकदा काकू पडद्यामागे रबरं शोधत होत्या तेव्हा त्यांच्या कानावर पडलं.

"तुमची बाजू कुठली?" त्याने विचारलं.

"माईकला बाजू नसते."

"आणि माईकवालीला?"

"तिला खुर्च्या मोजून टेम्पोत भरायच्या असतात."

"म्हणजे आहे. सांगत नाही."

"तुम्ही वायर उलटी पिळलीत," ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत काकूंनी तो आवाज ऐकला नव्हता. मुलगा असताना स्वयंपाकघरातून यायचा तसा. त्या रबरं न शोधताच परत फिरल्या.

काकूंना राग आला होता की भीती वाटली होती, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. घरी त्यांनी एवढंच काढलं की वक्त्यांनी खुर्च्यांना हात लावू नये, नुकसान होतं. सून हो म्हणाली. पुढच्या रविवारी कवळीवाल्याने दोन खुर्च्या आणखी जोरात ओढल्या.

आणि मग तो रविवार आला.

कवळीवाला त्या दिवशी नेहमीसारखा तावातावाने बोलला नाही. त्याने आपल्या आईची गोष्ट सांगितली. ती एका नातेवाइकाच्या घरी राबायची. स्वयंपाक, धुणी, दुखणीखुपणी, सगळं. घरचीच म्हणून पगार नाही. घरचीच म्हणून तक्रार नाही. लोक म्हणायचे किती जीव लावते त्या घराला. "मीही तेच समजत होतो," तो म्हणाला. "मी कमवायला लागलो, वेगळी खोली घेतली आणि तिला म्हटलं, चल. ती चपला घालूनच उभी होती. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिने."

तेवढ्यात घंटी झाली. पोस्टमास्तरांनी चांगली खणखणीत वाजवली.

माईक चालूच राहिला.

"आपल्या घरात जी माणसं राहतात," तो म्हणाला, "ती आपल्यासाठी राहतात की दुसरीकडे जायला पैसे नाहीत म्हणून राहतात, हे आपल्याला कळतच नाही. प्रत्येकाच्या हातात त्याचे त्याचे पैसे द्या. मग जो राहील तो खरा आपला."

मागे दाराशी काकूंनी एका खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्यांना वाटलं, हा माणूस आपल्याकडे बघून बोलतोय. तो काकूंकडे बघत नव्हता. तो माईकच्या टेबलाकडे बघत होता आणि टेबलामागची ती त्याच्याकडे. तिचा हात बटणावर होता, आणि तसाच होता.

बेकरीवाल्याने ते सोडलं नाही. सभा संपल्यावर तो काकूंकडे आला आणि म्हणाला, काकू, तुमच्या माईकला बाजू नसते ना? मग माझा आवाज घंटीबरोबर मरतो आणि त्याचा कसा जगतो? काकूंना इतकी वर्षं कोणी असं बोललं नव्हतं. त्यांनी सांगितलं, पुन्हा होणार नाही.

टेम्पोत बसल्यावर त्यांनी विचारलं, "हात अडकला होता का?"

"हो," सून म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाही. अडकला नव्हता. चूक माझी आहे, आई. पुढच्या वेळी होणार नाही."

काकूंच्या जिभेवर वेगळाच प्रश्न होता. तुझ्या हातात तुझे पैसे आले तर तूही चपला घालून उभी राहशील का? पगार त्यांनी तिला कधी दिला नव्हता. घरच्यांना कोण देतं? मागितला असता तर दिला असता, पण तिने कधी मागितला नाही आणि यांनी कधी विचारलं नाही. प्रश्न ओठांपर्यंत आला. पण उत्तर "हो" आलं असतं तर ते ठेवायला घरात जागा नव्हती. "गिअर नीट टाक," काकू म्हणाल्या. गिअर नीटच पडला होता.

तो आठवडा दोघींनी खुर्च्या पुसण्यात घालवला. काकूंचा गुडघा दुखत होता. तो दुखतो हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं. पण आठवडाभर बघतात तर काय, त्या वाकायच्या आतच खालच्या खुर्च्या कोणीतरी वर काढून ठेवलेल्या असायच्या.

मतदानाआधीचा शेवटचा रविवार. गर्दी इतकी की शाळेच्या अंगणातही कर्णा लावावा लागला. बेकरीवाला बोलला. पैसा येणार कुठून, भाव वाढणार नाहीत कशावरून, सगळं मुद्देसूद. घंटी झाली, माईक उतरला. मग कवळीवाला. तो चांगला बोलत होता, एक वीत अंतर ठेवून. शेवटाकडे आला, जरा थांबला, माईकवालीच्या टेबलाकडे बघून म्हणाला, "आणि शेवटचं एकच विचारायचंय मला, की—"

घंटी झाली. त्याच क्षणी त्याचा आवाज गेला.

असा गेला की त्याचे ओठ हलत राहिले आणि शब्द कोणालाच ऐकू आले नाहीत. त्याने माईककडे बघितलं, मग तिच्याकडे. ती सरळ समोर बघत होती, हनुवटी वर. आधी बेकरीवाला हसला, मग सगळं सभागृह, आणि शेवटी तो स्वतः. काकूंना बरं वाटलं. धंद्याची अब्रू परत आली. पण सुनेची ती वर केलेली हनुवटी त्यांना बघवली नाही. ती हनुवटी त्यांनी मुलाच्या शोकसभेत पाहिली होती.

लोक पांगले. काकू अंगणातल्या खुर्च्या टेम्पोत चढवत होत्या. पोस्टमास्तर फाटकाच्या कुलपाची किल्ली शोधत होते. आत ती दोघंच राहिली होती. आणि अचानक खांबावरचा कर्णा बोलायला लागला.

"कापलंस ना मला."

"घंटी झाली होती."

काकूंचा हात खुर्चीवरच राहिला. ‘तुम्ही’ कधी गेलं आणि ‘तू’ कधी आलं, हे त्यांच्या नजरेतून सुटलंच होतं.

"वाक्य राहिलं माझं," कर्णा म्हणाला.

"मग आता सांग."

"ते लोकांसाठी नव्हतंच." थोडी खरखर. तो वितीपेक्षा जवळ उभा असावा. "समजा, उद्यापासून ते पैसे सुरू झाले. तुझे तुला. कोणाला विचारायला नको, कोणाला सांगायला नको. तर तू काय करशील?"

पोस्टमास्तरांनी किल्ली सापडलेली असूनही ती परत खिशात टाकली आणि पुन्हा शोधायला लागले.

"एक नवा माईक घेईन," ती म्हणाली. "हा जुना झालाय."

"आणि?"

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खुर्च्या पुसेन."

"म्हणजे ते घर सोडणार नाहीस."

"नाही." मग तिचा आवाज अगदी स्पष्ट आला, ना जवळ ना लांब, बरोबर एका वितीवरून यावा तसा. "माझी कुठे सोय नाही म्हणून मी तिथे आहे, असं सगळ्यांना वाटतं. आईंनाही तेच वाटतं. विचारत नाहीत, पण वाटतं. हे गेले त्यानंतर माझा भाऊ मला न्यायला आला होता. गाडी घेऊन. आई आत पडून होत्या, त्यांना माहीतही नाही. मी त्याला दारातूनच परत पाठवलं."

"का?"

"आदल्या दिवशी त्यांनी माईकची पेटी माझ्यापुढे ठेवली होती. तेव्हा सगळे माझ्याकडे बघून नुसते चुकचुकत होते. कोणी रडायला खांदा देत होतं, कोणी सल्ला. त्यांनी काम दिलं. म्हणजे त्यांना वाटलं की मला जमेल." ती थांबली. "आणि त्यांचा गुडघा दुखतो. सांगत नाहीत."

अंगणात काकू हातातल्या खुर्चीवर बसल्या. भाड्याच्या खुर्चीवर कामाच्या वेळी बसायचं नाही, हा त्यांचाच नियम होता.

"मग माझं काय?" कर्ण्यातून त्याने विचारलं. सभेत इतकं बोलणारा माणूस, आवाज कसा बारीक झाला होता.

"तुला मी हवी आहे का?"

"हवी आहेस. ते माहीत आहे तुला... पहिल्या दिवसापासून. तू हात मध्ये धरलास ना, तेव्हापासून."

"तर मग मला न्यायला येऊ नकोस," ती म्हणाली. "राहायला ये."

मग तो म्हणाला, "काकू येऊ देतील?"

"ते त्यांना ठरवू दे. आणि खुर्च्या ओढत जाऊ नकोस. त्यांच्या दातांवर शहारे येतात."

मग टक् असा आवाज आला आणि कर्णा बंद झाला.

काकू तशाच बसून राहिल्या. बटण बंद केल्याशिवाय पाणी न पिणारी मुलगी. नवऱ्याच्या शोकसभेतसुद्धा शेवटचा माणूस बोलून उतरल्यावर आधी माईक बंद करून मग कोपऱ्यात जाऊन रडलेली मुलगी. तिच्या हातून माईक चुकून चालू राहील? आणि सगळं बोलून झाल्यावर, बरोबर तेव्हाच बंद होईल? काकूंना चौथीच्या पुढचं गणित येत नव्हतं, पण हे आलं. घरात समोरासमोर जे दोघींना इतकी वर्षं बोलता आलं नव्हतं, ते पोरीने खांबावर लावून सांगितलं होतं.

त्यांनी पदराने डोळे पुसले. पोस्टमास्तरांना म्हणाल्या, धूळ फार उडते या अंगणात. हो, फार, असं पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांना अखेर किल्ली सापडली.

काकू आत गेल्या. सून टेबलाशी वायर गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही, पण हात थांबला. काकू तिच्याजवळून गेल्या आणि जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर, टेम्पोची फळी लागली ना हे बघतात तसा दाबून. दोघींचं बोलणं तेवढ्यात झालं.

कवळीवाला हॉलच्या मध्यावर उभा होता. त्याने एक खुर्ची उचलली होती. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, तान्हं मूल घ्यावं तशी, पाय वर आणि पाठ खाली. काकूंना बघून त्याचं तोंड उघडं पडलं आणि त्यातून शब्द आला नाही. घंटी न वाजताच हा गप्प बसला, असं पहिल्यांदाच घडत होतं.

काकू त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एक," त्या म्हणाल्या. "माझी खालची कवळी सैल आहे. ते खरं आहे. ती नीट करून दे, आणि पुन्हा चारचौघांत बोलू नकोस. दुसरं. टेम्पोवरची पाटी मी उद्या रंगवून घेणार आहे. सासू आणि सून. तुझं नाव त्यात येणार नाही, आशा धरू नकोस. नफ्यातला अर्धा हिस्सा आजपासून तिचा, तुमचं ते सरसकट येवो की न येवो. आणि माझं मत कोणाला, ते विचारायचं नाही." मग त्यांनी त्याच्या हातातली खुर्ची काढून घेतली, सरळ केली आणि एका हाताने पाठीला धरून अलगद वर उचलली. "आणि हे बघ. तू बोलतोस चांगला, थांबायला ती शिकवेल. पण खुर्ची काही तुला उचलता येत नाही. शिकायला वर्षं जातील. तोवर तुला आमच्याकडेच राहावं लागेल."